झेंडूची मातृभाषा

झेंडूला मराठीशिवाय दुसरी कुठलीही भाषा येत नाही, हे मी एका शनिवारी संध्याकाळी दारात उभं राहून बुटाची नाडी सोडता सोडता ठरवून टाकलं. झेंडू त्या वेळी माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत होता आणि दीड महिन्याचा होता. त्याचा जन्म चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या शेडमागे, भंगारात टाकलेल्या एका लाकडी खोक्यात झालेला. तिथं त्याच्या कानावर तमिळ पडली असेल, ओडिया आणि भोजपुरी पडली असेल, कॉम्प्रेसर तर चोवीस तास पडला असेल. मराठी पडणं शक्य नव्हतं. त्या कारखान्यात मराठी बोलणारा मी एकटा, आणि मी क्वालिटी खात्यात असल्यामुळे माझ्याशी कामाखेरीज कुणी बोलत नाही.

तरीही निधीनं पिशवीत डोकावून हा कुठून आला असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, कराडहून. आजीनं पाठवला. आणि त्याला फक्त मराठी कळतं.

निधी माझी मुलगी. वय साडेपाच, यूकेजीत. ती शाळेत इंग्रजी बोलते, खाली खेळताना तमिळ बोलते, आईशी तमिळ बोलते, आणि माझ्याशी बोलायची वेळ आली तर शक्यतो खुणा करते. मला ती 'अप्पा' म्हणते. 'बाबा' म्हणावं यासाठी मी दोन वर्षं खटपट केली, त्यातून एवढंच निष्पन्न झालं की वेलचेरीतल्या आमच्या बिल्डिंगमधल्या दहीवाल्याला ती 'बाबा' म्हणू लागली. माझी बायको तुळजा चेन्नईत वाढलेली, पण तिचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारं. ती आपल्या वडिलांशी मराठी बोलते, मुलीशी तमिळ, आणि माझ्यावर रागावली की इंग्रजी. त्यामुळे घरात मराठी होती, पण ती मोठ्या माणसांच्या औषधांसारखी वरच्या फळीवर ठेवलेली होती.

हे चाललं असतं. पण मागच्या दिवाळीत माझी आई कराडहून महिनाभर राहायला म्हणून आली आणि बाराव्या दिवशी परत निघाली. गुडघे दुखतात, इथली हवा दमट, असं तिनं सांगितलं. खरी गोष्ट अशी की बारा दिवस ती निधीशी बोलू पाहत होती, आणि निधी तिच्याकडे टकमक बघून तमिळमध्ये काहीतरी उत्तर देऊन पळत होती. गाडीत बसताना आई म्हणाली, "पोरगी गोड हाय रे. मला तिचं कळत नाय, एवढंच." आता ती गुढीपाडव्याला पुन्हा येणार होती. मी फोनवर फार गळ घातली म्हणून येणार होती, आणि परतीचं तिकीट आठवड्याचंच काढलं होतं. माझ्या हातात दहा आठवडे होते.

तर, पिशवीतून काढलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला निधीनं आधी तमिळमध्ये बोलावलं. "वा, वा," ती म्हणाली, म्हणजे ये, ये. झेंडू माझ्या मोज्यात गुंतलेला होता, त्यानं लक्ष दिलं नाही. मग मी खाली बसलो आणि मऊ आवाजात म्हणालो, "झेंडू, इकडे ये." माझ्या डाव्या मुठीत मारी बिस्किटाचा तुकडा होता ही गोष्ट मी जाहीर केली नाही. झेंडू धावत आला. निधीनं तोंडाचा चंबू केला. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या माणसाला आमच्या खात्यात ठेवत नाहीत, पण निधी आमच्या खात्यात नव्हती. तिनं माझा हात धरला आणि पिल्लाला 'ये' म्हणजे नक्की कसं म्हणायचं ते पुन्हा म्हणून दाखवायला लावलं.

पहिला आठवडा मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होतो. तीन दिवसांत तिला 'ये', 'बस', 'नको' आणि 'चावू नको' आलं. पाचव्या दिवशी मी दाढी करत असताना बाहेरून ऐकलं, "झेंडू, ते अप्पाचं आहे. ते खायचं नाही." झेंडू माझा कमरेचा पट्टा खात होता. मी पट्टा काढून घेतला नाही. तशा अवस्थेत असलेल्या वाक्यात व्यत्यय आणणं मला योग्य वाटलं नाही.

तुळजानं फक्त एवढं विचारलं की हे खोटं आपण कुठवर ओढणार आहोत. मी म्हणालो, पाडव्यापर्यंत. ती म्हणाली, "आणि पाडव्यानंतर कुत्र्याला तमिळ कोण शिकवील, तुम्ही?" मला चेन्नईत नऊ वर्षं झाली. तेवढ्या काळात माझं तमिळ भाजी, रिक्षा आणि कारखान्यातली नावं एवढ्यावर अडलेलं आहे. मी विषय बदलला.

खरी अडचण अशी झाली की निधी ही अतिशय कर्तव्यदक्ष मुलगी आहे. झेंडूला तमिळ कळत नाही म्हणजे त्याच्यासमोर तमिळ बोलणं हा दुष्टपणा, असं तिनं ठरवलं. आईनं फोनवर मैत्रिणीशी तमिळ बोलायला सुरुवात केली की ती झेंडूचे कान झाकायची, आणि झेंडूचे कान झाकले की तो चावायचा. तुळजा मग फोन घेऊन बाथरूममध्ये जाऊ लागली. समोरच्या दारातल्या कामाक्षी मामी, म्हणजे शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारीण, रोज संध्याकाळी पिल्लाला बघायला यायच्या. निधीनं त्यांना उंबऱ्यावरच थांबवून नियम समजावला. मामींनी नियम मान्य केला आणि कॅलेंडरच्या पाठीमागे मराठी शब्द तमिळ लिपीत लिहून घेतले. तमिळ लिपीत प, ब आणि भ यांना मिळून एकच अक्षर आहे. त्यामुळे मामी अत्यंत प्रेमानं 'पस, पस' म्हणायच्या आणि झेंडू त्यांच्याकडे विचारमग्न चेहऱ्यानं बघत उभा राहायचा. मामींनी सल्लाही दिला की पिल्लाची अचानक भाषा बदलली तर त्याचं पोट बिघडतं. त्यांच्या दिरांच्या कुत्र्याला बदलीच्या गावी कन्नड ऐकून आठ दिवस जुलाब झाले होते. मी काळजी घेईन म्हणालो.

खालचा वॉचमन सुब्बा साठीचा माणूस, तिरुनेलवेलीकडचा. पंचवीस वर्षं तो गेटवर बसून एकाच भाषेत कंटाळला होता. त्यानं मराठीचा असा काही ध्यास घेतला की सकाळी मी कंपनीच्या बससाठी निघालो की तो उठून उभा राहायचा आणि 'बस' म्हणायचा. आधी मला वाटलं तो माझी बस आली असं सांगतोय. चार दिवसांनी कळलं की तो उजळणी करतोय.

रविवारी माझे सासरे जनकोजीराव मैलापूरहून गाडीनं येतात. त्यांना मी मामा म्हणतो. झेंडू मराठी शिकतोय हे ऐकून त्यांना भरून आलं, आणि मी त्याला काय शिकवतोय हे ऐकून आणखीच भरून आलं, पण वेगळ्या कारणानं. 'बस' हा शब्द त्यांनी दोन बोटांत धरल्यासारखा उच्चारला. मग म्हणाले, "बस म्हणजे पुरे. बैस म्हणावें. आमच्या घरांत तीनशें वर्षें बैसच म्हणतात. तुमची मराठी मागाहून बिघडली, त्यास तुम्ही काय करणार." एवढं बोलून त्यांनी झेंडूकडे वळून गंभीर स्वरात 'बैस' म्हटलं, आणि झेंडू बसला. त्यांच्या हातात मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली होती, हे मी नम्रपणे निदर्शनास आणलं. त्यावर ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. निधीनं मात्र दोन्ही रूपं स्वीकारली. अप्पासमोर बस, ताताजवळ, म्हणजे आजोबांजवळ, बैस.

यानंतर आला फॉर्म.

आमच्या असोसिएशनचे सेक्रेटरी शेषगिरी सार (इथं सरांना सार म्हणतात) पहिल्या मजल्यावर राहतात. रेल्वेत नियमावलीच्या खात्यात त्यांची हयात गेली. त्यांनी सांगितलं की प्राण्याची नोंद करावी लागेल. प्राण्यांसाठी वेगळा फॉर्म नव्हता म्हणून त्यांनी भाडेकरूंचा दिला. त्यात नाव, वय, मूळ गाव, येण्याचं कारण आणि मातृभाषा असे रकाने होते. फॉर्म भरताना निधी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. ती इंग्रजी अक्षरं लावून वाचते. मी मूळ गाव कराड लिहिलं. येण्याचं कारण 'कौटुंबिक' लिहिलं. मातृभाषेच्या रकान्यात मी एक रेघ ओढायला घेतली तेव्हा निधीनं माझं मनगट धरलं. मी 'मराठी' लिहिलं आणि सही केली. माझ्या आयुष्यात मी खोट्या तपासणी अहवालावर कधी सही केली नव्हती.

चार दिवसांनी शेषगिरी सार सकाळी देवाला जायला निघाले. कडक इस्त्रीचं पांढरं वेष्टी, म्हणजे त्यांच्याकडचं धोतर, आणि हातात फुलांची परडी. लिफ्टचं दार उघडलं, निधीच्या हातातली साखळी सुटली आणि झेंडूनं वेष्टीचं टोक धरलं. शेषगिरी सारांनी त्याला तमिळमध्ये जायला सांगितलं. मग जोरात सांगितलं. निधीनं त्यांना शांतपणे समजावलं की अंकल, त्याला तमिळ येत नाही, तुम्ही 'सोड' म्हणा. वेष्टी कमरेपासून सुटायला आली होती. अशा वेळी माणूस भाषेचा विचार करत नाही. सारांनी परडी छातीशी धरून 'सोडा, सोडा' अशी आरोळी ठोकली. सुब्बाचा अभ्यास अजून त्या शब्दापर्यंत पोचला नव्हता. तो धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि थंडगार पन्नीर, म्हणजे गुलाबपाण्याच्या, सोड्याची बाटली घेऊन आला. तोवर झेंडू अर्धं वेष्टी घेऊन पार्किंगमध्ये पोचला होता, आणि शेषगिरी सार उरलेलं अर्धं घेऊन लिफ्टमध्ये.

मी नवं वेष्टी घेऊन माफी मागायला गेलो. त्यांनी वेष्टी घेतलं, माफी घेतली नाही. संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लागला. इंग्रजीत होता, आणि त्याला नियमावलीचा वास येत होता. मथितार्थ असा की इमारतीत ठेवलेला प्रत्येक प्राणी सुरक्षा कर्मचाऱ्यांना अवगत असलेल्या भाषेतील सूचना पाळणारा असावा. चौदा दिवसांनी समितीसमोर चाचणी. चाचणीत नापास झाल्यास प्राणी सात दिवसांत हलवावा. इमारतीत कुत्रा एकच होता.

आता माझी अवस्था बघा. झेंडूला तमिळ यायला हवी, नाहीतर तो जाणार. पण त्याला तमिळ येते असं निधीला कळलं, तर ती त्याच क्षणी मराठी सोडणार, आणि आई येऊन पुन्हा नातीची पाठ बघत बसणार. म्हणून मी त्याला गुपचूप तमिळ शिकवायचं ठरवलं. कामाक्षी मामींनी माणूस सुचवला. कार्तिकेय सार, पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त, मिशा पांढऱ्या आणि आवाज पलीकडच्या गिंडी स्टेशनपर्यंत जाईल असा. मी रोज सकाळी साडेपाचला दूध आणायला म्हणून बाहेर पडायचो, शर्टाच्या आत झेंडू. तळ्याच्या कडेला कार्तिकेय सार उभे असायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी झेंडूकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मला म्हणाले की आधी तुम्ही बोलून दाखवा. मी 'उक्कारु' म्हणालो, म्हणजे बस. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग सांगितलं की तुम्ही आज्ञा देत नाही, कुत्र्याकडे रजा मागताय. पोट आत घ्या, हनुवटी वर करा, एकच शब्द म्हणा, आणि शेवटी प्रश्नासारखा सूर चढवू नका. मी पोट आत घेतलं. तळ्याभोवती फिरणारी निवृत्त मंडळी कठड्यावर बसून बघू लागली. दुसऱ्या दिवसापासून ती वेळेवर येऊ लागली. मी 'उक्कारु' म्हणायचो, कार्तिकेय सार 'नाही' म्हणायचे, कठड्यावरून कुणीतरी मला योग्य उच्चार ओरडून सांगायचं. मी 'इरु' म्हणायचो, म्हणजे थांब. मी 'पेसादे' म्हणायचो. खरं तर त्याचा अर्थ बोलू नकोस असा, पण कार्तिकेय सार तो भुंकणं थांबवण्यासाठी वापरायचे. या सगळ्या वेळात झेंडू एका चाफ्याच्या मुळाशी झोपलेला असायचा.

दहाव्या दिवशी कार्तिकेय सारांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि सांगितलं की तुमची प्रगती समाधानकारक आहे. झेंडूबद्दल ते काही बोलले नाहीत. पण बाराव्या दिवशी मी 'उक्कारु' म्हटल्यावर झेंडू खरोखर बसला. कठड्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला अख्खं बिस्कीट दिलं, आणि लगेच निधी कुठं जवळपास नाही ना हे बघून घेतलं.

चाचणी शनिवारी संध्याकाळी पाच वाजता पार्किंगमध्ये होती. निधीला त्या वेळी बाहेर ठेवायचं हे तुळजाचं काम. तिनं ते चोख केलं. तिला घेऊन ती दुपारीच मैलापूरला गेली. मी मात्र मामांना काही सांगितलं नव्हतं, आणि कामाक्षी मामींनी त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. घराण्याच्या भाषेची परीक्षा आहे आणि आपण घरी बसायचं हे मामांना सहन होईना. ते नात आणि मुलगी दोघींना घेऊन पाचला पाच कमी असताना गेटमधून आत आले. तुळजानं माझ्याकडे बघून फक्त खांदे उडवले. निधीनं नवा परकर पोलकं घातलं होतं.

समितीचे तिघे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. मागे निम्मी बिल्डिंग उभी होती. शेषगिरी सारांनी नोटीस वाचून दाखवली, फॉर्म वाचून दाखवला, मातृभाषेच्या रकान्यापाशी क्षणभर थांबले, मग चष्मा काढून स्वच्छ तमिळमध्ये म्हणाले, "सेंडु, उक्कारु." इथं सगळेच त्याला सेंडु म्हणतात.

झेंडूनं मान तिरकी केली. मग माझ्या डोळ्यांदेखत त्याचं मागचं अंग हळूहळू खाली जायला लागलं. बारा पहाटांचं फळ होतं ते. मी निधीकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी चढत होती.

मी असं का केलं हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. मी टाळी वाजवून ओरडलो, "झेंडू, पळ!"

झेंडू पळाला. दोन मोटारींना वळसा घालून तो शेषगिरी सारांच्या खुर्चीखालून गेला आणि जाता जाता फॉर्म घेऊन गेला. सार ताडकन उभे राहिले. चाचणी संपली, असं ते म्हणू लागले, प्राणी नापास, सात दिवस. मला त्यांना थांबवायचं होतं, विनंती करायची होती, आणि ती विनंती तमिळमध्ये करावी म्हणजे त्यांना बरं वाटेल असंही मनात आलं. आता, तमिळमध्ये मोठ्या माणसाशी बोलताना क्रियापदाच्या शेवटी आदराचं 'ंग' लावतात. उक्कारुंग, म्हणजे बसा. हे मला माहीत आहे, नऊ वर्षांत तेवढं समजतं. पण बारा दिवस रोज तासभर माझी जीभ एकाच वळणानं वळत होती. मी पोट आत घेतलं, हनुवटी वर केली आणि गिंडीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो, "उक्कारु. इरु. पेसादे."

शेषगिरी सार बसले.

वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. समितीचे उरलेले दोघे आधीच बसलेले होते, तरी तेही जरा आणखी बसले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण खाली सिमेंट होतं.

तेवढ्यात गेटकडून सुब्बा पुढे आला. त्याच्या काखेत झेंडू होता आणि हातात फॉर्मचा उरलेला भाग. त्यानं झेंडूला खाली ठेवलं, समोर उकिडवा बसला, आणि माझ्याहून शुद्ध, सावकाश मराठीत म्हणाला, "झेंडू, असं करायचं नाही. सार रागावतात. खाली बस." झेंडू बसला. "शाब्बास," सुब्बा म्हणाला, आणि त्याला बनचा तुकडा दिला.

कामाक्षी मामींनी गणिताच्या बाईचा आवाज काढून नोटीस पुन्हा वाचायला सांगितली. शेषगिरी सारांनी वाचली. सुरक्षा कर्मचाऱ्यांना अवगत असलेल्या भाषेतील सूचना. मामींनी विचारलं की सुरक्षा कर्मचारी कोण. सुब्बा. त्याला कोणती भाषा अवगत आहे हे आत्ता सर्वांनी ऐकलं की नाही. मामा मागून म्हणाले, "बैस म्हटलें असतें तर अधिक बरें झालें असतें," पण त्यांना तुळजानं गप्प केलं.

शेषगिरी सारांनी आपलंच वाक्य शब्दांवर बोट ठेवत पुन्हा वाचलं. कसेही असले तरी ते नियमाचे माणूस होते, आणि नियम त्यांचाच होता. त्यांनी वहीत लिहिलं की प्राणी उत्तीर्ण. खाली एक पोटकलम जोडलं की सुब्बा रजेवर असल्यास बदली कर्मचाऱ्याला कामचलाऊ मराठी येणं आवश्यक आहे. त्या कलमामुळे पुढच्या पोंगलची सुट्टी मागायला गेल्यावर सुब्बाचं काय होणार याची मला अजून काळजी आहे.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा माफी मागायला गेलो. दार शेषगिरी सारांच्या पत्नीनं उघडलं. त्यांनी मला आत घेतलं, कॉफी दिली, आणि सार आतल्या खोलीत आहेत ना याची खात्री करून घेऊन, ते वाक्य पुन्हा त्याच सुरात म्हणून दाखवाल का असं हळूच विचारलं. चौतीस वर्षं त्या वेगवेगळ्या प्रकारे म्हणून बघत होत्या, पण परिणाम होत नव्हता. मी त्यांना कार्तिकेय सारांचा फोन नंबर दिला.

निधीनं मला चाचणीबद्दल एकच प्रश्न विचारला. तू झेंडूला पळ का म्हणालास. तो प्रश्न तिनं मराठीत विचारला होता, म्हणून मी तिला आइसक्रीम खायला नेलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी आई आली. मी तिला स्टेशनवरून आणलं तेव्हा तिच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात दुखऱ्या गुडघ्याची पट्टी, आणि चेहऱ्यावर तो प्रवासातला घट्ट भाव, जो तिनं गाडीत बसतानाच बांधून घेतला असावा. वाटेत ती चारदा म्हणाली की आठवडाच राहणार आहे, शेजारच्या बाईंना तुळशीला पाणी घालायला सांगून आलीय, जास्त दिवस नको. मी हो हो म्हणत होतो.  दहा आठवड्यांत मी निधीला काय शिकवलं, याची मनातल्या मनात यादी करायला घेतली, आणि टॅक्सी वेलचेरीच्या पुलावरून खाली उतरत असताना माझ्या लक्षात आलं की मी तिला आजीशी बोलायची मराठी शिकवलेलीच नाही. कशा आहात, प्रवास कसा झाला, नमस्कार करते, यातलं एकही वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं. झेंडूला ती वाक्यं कोण म्हणणार?

दार तुळजानं उघडलं. निधी हॉलच्या मध्यभागी उभी होती, हात पाठीमागे. झेंडू तिच्या पायाशी होता. आई उंबऱ्यावर थांबली. दिवाळीत ती अशीच थांबली होती आणि निधी आत पळाली होती.

निधी पळाली नाही. तिनं आजीकडे खालून वरपर्यंत पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "ये. इकडे ये. घाबरायचं नाही."

आई आत आली.

"पायपुसण्यावर नको. पुढे ये. हां. आता खाली बस."

मी पुढे झालो. अगं, मोठ्या माणसांना बसा म्हणायचं, असं सांगायला मी तोंड उघडलं, पण आईनं माझ्याकडे न बघताच हातानं मला मागे सारलं. तिनं पिशवी ठेवली, सोफ्याकडे एकदा पाहिलं, आणि ज्या गुडघ्यांसाठी ती बाराव्या दिवशी परत गेली होती ते गुडघे मोडून सावकाश जमिनीवर बसली.

निधी जवळ गेली. आजीच्या डोक्यावरून, अंबाड्यावरून, मानेपर्यंत तिनं हात फिरवला. "शाब्बास," ती म्हणाली. "शहाणं बाळ. भूक लागली?"

"लागली की गं," आई म्हणाली. 

"आधी पंजा दे."

आईनं मला विचारलं नाही की पंजा म्हणजे काय, की हे काय चाललंय. तिनं डोळे पुसले, तो हात पदराला पुसला, आणि उजवा हात उचलून निधीच्या हातावर ठेवला. निधीनं तो दोनदा हलवला, मग खिशातून मारी बिस्कीट काढलं, मोडलं, आणि मोठा तुकडा तिला दिला.